लिनक्स संगणकावर डीव्हीडी कशी लावावी?

कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ या मूकपटात दाखविले. व्ही. शांताराम यांनी त्यात तरुण शेतकऱ्याचे काम केले होते. त्या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. चित्र टिकवावयाचे असेल तर ते ज्यावर साठविले आहे त्या वस्तूची निगा राखावी लागते, हा यातील बोध होय.

घरातील डीव्हीडी तबकड्यांनाही हाच नियम लागू आहे. लग्नकार्ये, वडीलधाऱ्यांची चित्रे व आवाज अनेक कुटुंबांनी अशा तबकड्यांवर उतरवून घेतले आहेत. लिनक्स प्रणालीच्या संगणकावर तबकडी लागली नाही, म्हणजे ती खराब झाली असे समजून ती टाकून देऊ नये. प्रथम कारण शोधावे.

कारण ओळखण्याची रीत सोपी आहे. ‘व्हीएलसी’ हा मोफत प्रोग्रॅम संगणकात बसवावा. नंतर एक घरगुती व एक विकत आणलेल्या चित्रपटाची अशा दोन तबकड्या लावून पाहाव्यात. घरगुती तबकडी चालली व चित्रपटाची चालली नाही, तर दोष बहुधा कुलपाचा असतो. दोन्ही चालल्या नाहीत, तर तबकडीवरील धूळ, ओरखडे किंवा ड्राइव्हमधील बिघाड तपासावा.

विकाऊ चित्रपटांच्या बहुतेक तबकड्यांवरील चित्रे सांकेतिक रूपात असतात. ती उलगडण्याची किल्ली परवानाधारक उत्पादकांनाच मिळत असे. लिनक्स सर्वांना मोफत वाटली जात असल्याने तीत ही किल्ली सहसा नसते. १९९९ साली हे कुलूप उघडणारा प्रोग्रॅम प्रसिद्ध झाला. त्यासंबंधी नॉर्वेत खटला झालेला तरुण योन योहान्सेन २००३ मध्ये निर्दोष सुटला.

आता हे काम ‘लिबडीव्हीडीसीएसएस’ हा संच करतो. उबंटू वापरणाऱ्यांनी त्यासाठी ‘लिबडीव्हीडी-पीकेजी’ बसवावे. मूळ संच इंटरनेटवरून आणून संगणकावरच तयार होत असल्याने, बसविल्यावर त्याची पुनर्रचनेची आज्ञा एकदा द्यावी. ही दुसरी पायरी राहून गेल्यास तबकडी चालत नाही.

काही तबकड्यांवर प्रदेशाचेही बंधन असते. भारताचा प्रदेश क्रमांक ५ आहे. ड्राइव्हमधील हा क्रमांक साधारणतः पाच वेळाच बदलता येतो. यास्तव तो विनाकारण बदलू नये.

तबकडी मऊ, कोरड्या कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल फिरवून पुसू नये. घरी लिहिलेल्या तबकडीतील रंगद्रव्य ऊन व उष्णता यांनी खराब होते. म्हणून ती सावलीत, उभी ठेवावी आणि तिची नक्कल वेळीच संगणकावर उतरवावी. एकपदरी तबकडीस सुमारे ४.७ गिगाबाइट जागा लागते. नक्कल दोन ठिकाणी ठेवावी. जाणता शेतकरी सारे बियाणे एकाच कणगीत ठेवीत नाही.

विकाऊ चित्रपटांच्या प्रती काढून वाटू नयेत. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे २०१२ च्या कायदादुरुस्तीनुसार गुन्हा आहे. घरगुती तबकड्यांना मात्र बहुधा कुलूप नसते. त्यांची नक्कल आजच करून ठेवावी. तबकडी एकदा खराब झाली की तीतील माणसे पुन्हा दिसत नाहीत.