स्फोटाची तारीख आधीच ठरली होती

10 नोव्हेंबर 2014ला हबल दुर्बिणीनं सिंह राशीच्या दिशेला असलेल्या एका दीर्घिकासमूहाची छायाचित्रं घेतली. बर्कलीचे तरुण संशोधक पॅट्रिक केली ती जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहत होते. समूहातल्या एका दीर्घिकेभोवती चार पिवळट ठिपके होते, आणि जुन्या चित्रांत तिथं काहीच नव्हतं.

ठिपके चार असले तरी तारा एकच होता. तो फुटला 9.3 अब्ज वर्षांपूर्वी. त्याचा प्रकाश निघाला आणि वाटेत, आपल्यापासून 5 अब्ज प्रकाशवर्षांवर, हा अवाढव्य समूह आडवा आला. समूहाच्या आणि त्यातल्या त्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणानं प्रकाश वाकला आणि वेगवेगळ्या वाटांनी आपल्याकडे आला.

नॉर्वेच्या सूर रेफ्सडाल यांनी 1964 साली हेच कागदावर मांडलं होतं. तेव्हा गुरुत्वाकर्षणानं प्रकाश वाकवणारं असं एकही भिंग कुणी पाहिलेलं नव्हतं. पहिलं सापडलं 1979 साली. एकाच वेळी सुटलेल्या दोन गाड्यांपैकी एक घाटातून आणि दुसरी सरळ रस्त्यानं आली, तर त्या एकदम पोचणार नाहीत. प्रतिमांचंही तसंच. वाटांची लांबी वेगळी, शिवाय जड वस्तूजवळ वेळच मंदावते. दोन प्रतिमांमधलं हे अंतर दिवसांत मोजलं आणि मधल्या वस्तुमानाची मांडणी कळली, की विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढता येतो. त्यासाठी ताऱ्याची मूळ तेजस्विता ठाऊक असायची गरज नाही. रेफ्सडाल 2009 साली वारले. या ताऱ्याला त्यांचं नाव मिळालं.

खरी गंमत पुढं आहे. त्या ताऱ्याच्या दीर्घिकेचीही समूहामुळे एकाहून अधिक चित्रं दिसत होती. म्हणजे यातल्या आणखी एका चित्रात तोच स्फोट अजून दिसायचा बाकी होता! तो कधी दिसेल, याची वेगवेगळ्या गटांनी आपापली गणितं मांडली आणि निकालाआधीच प्रसिद्ध केली. शास्त्रज्ञ असा जुगार सहसा खेळत नाहीत. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत आवडतो तो हाच भाग.

2015च्या पावसाळ्यात सूर्य त्या दिशेला आला आणि हबलला तिकडे पाहणं बंद करावं लागलं. ऑक्टोबरअखेर पुन्हा पाहिलं, ठिपका नाही. नोव्हेंबरच्या मध्याला पाहिलं, तरीही नाही. 11 डिसेंबरच्या छायाचित्रात मात्र तो होता, सांगितलेल्या जागी आणि बऱ्याच गटांनी सांगितलेल्या काळात.

मग खरं मोजमाप सुरू झालं. मूळ प्रतिमा आणि नवी प्रतिमा यांच्यात सुमारे 376 दिवसांचं अंतर निघालं, आणि त्यातली अनिश्चितता फक्त 1.5 टक्के. 2023 साली पॅट्रिक केली आणि सहकाऱ्यांनी प्रसरणवेग जाहीर केला: समूहातल्या वस्तुमानाच्या मांडणीच्या आठ प्रतिकृती धरून 64.8 आणि निरीक्षणांशी सर्वांत जुळणाऱ्या दोन धरून 66.6 किलोमीटर प्रतिसेकंद प्रति मेगापार्सेक. विश्वाच्या सुरुवातीच्या काळातल्या आदिम प्रारणावरून येणारा आकडा 67च्या आसपास, तर जवळच्या ताऱ्यांवरून येणारा 73च्या आसपास. या दोघांच्या भांडणात हा कौल पहिल्या बाजूला झुकतो. पण चूक चार-पाच एककांची असू शकते, आणि ती बहुतांशी घड्याळाची नाही, समूहातल्या अदृश्य वस्तुमानाच्या अंदाजाची आहे. पुढं जेम्स वेब दुर्बिणीला सापडलेल्या 'होप' या तीन प्रतिमांच्या स्फोटानं 75च्या आसपासचा आकडा दिला, आणि त्याची अनिश्चितता तर आणखी मोठी आहे.