फाइलची ओळख नावावरून नव्हे, ठशावरून

पनवेलजवळच्या कोनमधला एखादा संगणक तपासासाठी जप्त झाला, तर त्यात लाखो फाइल्स निघू शकतात. त्यांतल्या बऱ्याचशा विंडोजच्या किंवा नेहमीच्या सॉफ्टवेअर लायब्ररींच्या असतात. त्या वेगळ्या कशा काढायच्या? नाव कुणीही बदलू शकतो. म्हणून फाइलच्या आतल्या मजकुरावरून तिचा ठसा, म्हणजेच ‘हॅश’ काढतात. एसएचए-२५६ या पद्धतीत फाइल कितीही मोठी असो, ठसा ६४ अक्षर-अंकांचाच येतो. रिकाम्या फाइलचाही ठसा ठरलेला असतो. त्याची सुरुवात ‘ई३बी०सी४४२’ अशी होते. एक बिट बदलला, तरी ठसा पार बदलतो.

अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेकडे ज्ञात सॉफ्टवेअरच्या ठशांचा मोठा संग्रह आहे. ठसा जुळलेल्या फाइल्स बाजूला सारून तपासनीस उरलेल्यांकडे वळतो. डिसेंबर २०२१मध्ये लॉग४जे लायब्ररीतला दोष उघड झाला, तेव्हा सदोष प्रती शोधायलाही ठसे उपयोगी पडले. मात्र ठसा जुळला नाही, एवढ्यावरून फाइल घातक ठरत नाही.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३खालील प्रमाणपत्रात हॅश नोंदवायचा असतो. त्यात एमडी५ आणि एसएचए-१ हेही पर्याय आहेत. पण या दोन्हींत वेगवेगळ्या फाइल्सचा एकच ठसा संशोधकांनी काढून दाखवला आहे. पुरावा भक्कम हवा, तर एसएचए-२५६च वापरावा.