नकाशाखालचा फोटो कोणत्या सालचा?

शाळेत भारताचा नकाशा काढायला आपण ट्रेसिंग पेपर वापरायचो, आठवतंय? गेमचे नकाशे बनवणारेही तेच करतात. फक्त कागद उलटा: खाली उपग्रहाचा फोटो पसरायचा आणि त्यावरून रस्ते, रूळ, किनारा गिरवायचा. या फोटोला आपण संदर्भचित्र म्हणू. तो नेमका कसा फसवतो, हे मला नवी मुंबईचा नकाशा करताना कळलं.

गेम घेतला 'सिटीज: स्कायलाइन्स' (२०१५). त्यात अख्खा नकाशा १७.२८ किलोमीटरच्या चौरसाचा असतो. म्हणजे वाशीच्या खाडीपासून उलव्यापर्यंतचा भाग त्यात आरामात बसतो. जमिनीचा चढउतार १०८१ × १०८१ ठिपक्यांच्या करड्या चित्रातून येतो: काळं म्हणजे खोल, पांढरं म्हणजे उंच. दोन ठिपक्यांमधलं अंतर १६ मीटर.

पहिली पायरी मापाची. उपग्रहाचा फोटो अगदी त्याच चौरसात कापला नाही, तर सगळं घसरतं. तपासायची सोपी युक्ती म्हणजे ओळखीचं अंतर मोजायचं. वाशीचा खाडीपूल सुमारे १.८ किलोमीटर लांब आहे, म्हणजे साधारण ११५ ठिपके भरायला हवेत. माझे भरले १३०. फोटो चुकीचा कापला होता, पुन्हा कापला.

दुसरी अडचण खाडीची. उंचीची माहिती मी नासाच्या अवकाशयानाने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने केलेल्या मोजणीतून घेतली. तिची एक चौकट साधारण ३० मीटरची, आणि रडार बऱ्याचदा जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांजवळूनच परत फिरतं. त्यामुळे खारफुटीचा चिखल गेममध्ये चक्क छोटं पठार झाला! भरतीचं पाणी आत शिरेना. तिथली उंची हाताने उतरवावी लागली. शिवाय फोटो ओहोटीचा असेल तर खाडी अरुंद दिसते, भरतीचा असेल तर रुंद. म्हणून फोटोची तारीखच नाही, वेळही लिहून ठेवायची.

आता मुद्द्याचं. उंचीची माहिती २००० ची आणि वरचा फोटो अलीकडचा. उलव्याजवळ आल्यावर विमानतळाची धावपट्टी थेट टेकडीवर चढली. चूक गेमची नव्हती. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सपाट केली, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि १० गावं हलवली. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं. दोन्ही चित्रं खरीच, पण दोन वेगवेगळ्या काळांची.

मी टेकडी पुसायला निघालो होतो. तेवढ्यात शेजारी बसलेला मित्र म्हणाला, "थांब ना जरा. आमचं देऊळ दिसतंय का बघ." त्याचं घर त्याच गावांपैकी एकात होतं. ३० मीटरच्या चौकटीत देऊळ कुठून दिसणार? पुढच्या रविवारी तो वडिलांनी वहीच्या पानावर काढलेला नकाशा घेऊन आला. त्यात वाडीतल्या आळ्या, विहीर, देऊळ, होड्या लावायची जागा, सगळं होतं. आम्ही तो स्कॅन केला. जुन्या उपग्रह फोटोतही ओळखू येणारी तीन ठिकाणं निवडली, आणि ती जुळेपर्यंत पान फिरवत, ताणत बसवलं. आळ्यांची लांबी काही जमली नाही, पण विहीर आणि देऊळ बरोबर जागी बसले.

आता माझ्याकडे नवी मुंबईचे दोन नकाशे आहेत, एक २००० चा आणि एक आजचा. दोन्हींच्या नावात साल आहे. तुम्ही तुमच्या गावाचा नकाशा करणार असाल, तर एवढं करा: मोजमाप तपासा, फोटोची तारीख लिहा, आणि गिरवायला सुरुवात करण्याआधी घरातल्या मोठ्यांना एक कोरा कागद द्या. उपग्रहाला जे दिसलं नाही, ते त्यांच्याकडे असतं.