घरापुरते पाणी, घरापुरती भाजी

बीड, अंबाजोगाई, धारूर, माजलगाव या गावांतल्या जुन्या माळवदाच्या घरांमध्ये आड असे. न्हाणीचे पाणी परसातल्या केळीला जाई, बळदात किंवा पेवात वर्षाची ज्वारी साठवलेली असे आणि उन्हाळाभर माळवदावर वाळवणे पडलेली असत. शहरात राहून घराच्या गरजांचा जमेल तेवढा भाग घरीच भागवण्याची रीत या जिल्ह्याला नवी नाही. सिमेंटची घरे आली, नळ आणि गॅसचे सिलिंडर आले, परस बांधकामाखाली गेले आणि ही घडी दोन-तीन पिढ्यांत विस्कटली. तिच्या जागी जी सोय यायची होती, ती मात्र पुरी आली नाही. नळाला पाणी रोज येत नाही, कित्येक वस्त्यांत ते बऱ्याच दिवसांच्या अंतराने येते आणि दुष्काळी वर्षी टँकरची वाट पाहावी लागते. त्यामुळे बीडमध्ये स्वावलंबी घराचा विचार पाण्यापासूनच सुरू करावा लागतो. कुंड्या आणि बियाणे नंतर.

जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. आष्टी, पाटोदा या पश्चिमेकडच्या तालुक्यांत तो आणखी कमी असतो; अंबाजोगाई, परळीकडे थोडा जास्त. खाली बालाघाटाचा काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत मावेल तेवढेच पाणी मुरते, म्हणून बोअर दरवर्षी खोल घेऊनही पाणी वाढत नाही. याचे परिणाम मोठ्या व्यवस्थांनाही चुकलेले नाहीत. परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ आणि २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण आटले, तेव्हा २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. याच मुलखात निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बीड शहराजवळ खजाना विहीर बांधली गेली. निजामशाही सरदार सलाबतखानाच्या अमदानीतली ही विहीर भुयारी मार्गांनी भूगर्भातले पाणी गोळा करते आणि उताराने शिवाराकडे सोडते. पाणी अडवायचे, झाकून ठेवायचे आणि उताराच्या जोरावर वाहू द्यायचे, ही तिची रीत आजच्या घरालाही लागू पडते.

छपराचा हिशेब मांडला की धीर येतो. हजार चौरस फुटांच्या, म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटरच्या स्लॅबवर ६५० मिलिमीटर पाऊस पडला, तर साठ हजार लिटर पाणी येते. गळती, बाष्पीभवन आणि सोडून दिलेला पहिला पाऊस वजा केला तरी सुमारे ४८ हजार लिटर हाती राहते. दुष्काळी वर्षी पाऊस निम्मा झाला तर २४ हजार. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दिवसाला ३५ लिटर धरले, तर वर्षाला १३ हजार लिटरही लागत नाहीत. ऑक्टोबर ते मे हे आठ कोरडे महिने काढायला साडेआठ हजार लिटर पुरतात. म्हणजे दहा हजार लिटरची एक बंद टाकी असली, तर वाईटातल्या वाईट वर्षीही घरातले पिण्याचे पाणी घराच्याच छपराचे असू शकते. एवढी खात्री देणारी दुसरी कोणतीही गोष्ट या लेखात नाही, आणि तरीही जिल्ह्यातल्या बहुतेक गच्च्यांचे पाणी पाईपाने थेट गटारात जाते.

त्यासाठी लागणारी कामे साधी आहेत. मृगाआधी गच्ची झाडून धुवायची. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर सोडायचे, कारण त्यात वर्षभराची धूळ आणि पाखरांची घाण असते. नंतरचे पाणी खडी, वाळू आणि कोळशाच्या थरांतून गाळून टाकीत घ्यायचे. टाकीला ऊन लागले की शेवाळ धरते आणि झाकण सैल राहिले की डेंग्यूचे डास होतात, म्हणून ती सावलीत आणि घट्ट झाकलेली असावी. पिण्याआधी पाणी उकळावे. टाकी भरल्यावर उरलेले पाणी बोअरभोवतीच्या शोषखड्ड्यात सोडले, तर त्याचा फायदा शेजारच्यांनाही होतो.

बागेला मात्र हे चांगले पाणी द्यायचे नाही. तिच्यासाठी न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी आहे. पाच माणसे बादलीने अंघोळ करीत असली तरी रोज शंभर लिटर पाणी निघते. ते केळी, अळू, कर्दळ, शेवगा आणि लिंबाच्या आळ्यात जावे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबिरीला किंवा मुळ्याला नको. साबणातले क्षार मातीत साचतात, म्हणून दर पावसाळ्यात आळी धुऊन निघतील अशी वाट ठेवावी आणि धुण्याच्या सोड्याचे पाणी वेगळे काढावे. जागा नसेल तर हे पाणी शोषखड्ड्यात जिरवता येते. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी असे खड्डे करून गटारे आणि डास दोन्ही हटवले. बीडच्या गल्ल्यांत याहून वेगळे काही करावे लागणार नाही.

पाण्यानंतर मातीचा प्रश्न येतो. जिल्ह्याची काळी माती ओल धरते, पण कुंडीत तिचा दगड होतो आणि गच्चीवर तिचे ओझे होते. ओली माती घनमीटरला दीड टनाहून अधिक भरते, त्यामुळे जुन्या स्लॅबवर मातीचे वाफे करणे धोक्याचे आहे. पत्र्याच्या घरावर तर ते शक्यच नाही. यावरचा उपाय महाराष्ट्रात अनेकांनी दाखवला आहे. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाचा चोथा आणि थोडी माती वापरून गच्चीवर भाज्या आणि फळझाडे वाढवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. या दोन्ही प्रयोगांमागे कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर आणि त्यांच्या प्रयोग परिवाराची शिकवण दिसते. पालापाचोळा कुजवून माती घरीच तयार करावी आणि थोड्या जागेत मोजून-मापून पीक घ्यावे, हे त्यांनी ‘विपुलाच सृष्टी’ या पुस्तकात मांडले. या परंपरेतले अमृतजल अगदी स्वस्त आहे: दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम गूळ तीन दिवस ढवळत ठेवायचे आणि मग दहापट पाणी घालून पाचोळ्यावर शिंपडायचे. पाचोळा त्याने लवकर कुजतो.

मुंबईपेक्षा बीडला हे सोपे पडावे. येथे उसाचे पाचट आणि चोथा मिळतो. वेलांच्या मांडवाला तुराट्या आणि कापसाच्या पऱ्हाट्या आहेत, पाणी जपायला कुंभाराची मडकी आहेत. कच्चे नव्हे, साधे भाजलेले पण रंग न लावलेले मडके वाफ्यात गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवले की पाणी मुळांशी हळूहळू झिरपते. वर चार बोटे पाचटाचे आच्छादन असले की उन्हाची धग मातीपर्यंत पोहोचत नाही. गांडूळखताच्या बाबतीत मात्र जपावे लागते. गांडुळांना चाळीस अंशांचे ऊन सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये त्यांचा वाफा सावलीत आणि ओल्या गोणपाटाखाली हवा.

बागेचे वर्ष मृगापासून धरावे. पावसाळ्याच्या तोंडावर गवार, भेंडी, दोडका, कारले, दुधी आणि काकडी लावली की पाणी फारसे द्यावे लागत नाही. अंबाडी, तांदुळजा, घोळ यांना तर जवळजवळ काहीच लागत नाही. घोळ आपसूक उगवते आणि ती तण समजून उपटली जाते, हे वाईट आहे. पितृपक्षापासून दिवाळीपर्यंत वांगी, टोमॅटो, मेथी, पालक, शेपू, लसूण, मुळा. मेथी-कोथिंबीर महिना-सव्वा महिन्यात हाती येते, म्हणून ती एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरावी. संक्रांतीनंतर नवी लावण कमी करत न्यावी. बीडच्या उन्हाळ्यात एक चौरस मीटर वाफ्यालाही रोज आठ-दहा लिटर पाणी लागते आणि एवढे पाणी त्या भाजीवर खर्च करण्यात शहाणपण नाही. एप्रिल-मेमध्ये वाफे आच्छादून ठेवावेत, खत कुजवावे आणि सावलीच्या जाळीखाली थोडा पुदिना, कढीपत्ता, तांदुळजा जगवावा.

मग उन्हाळ्यात भाजी कुठली? याचे उत्तर जुन्या स्वयंपाकघरात आहे. माघ-फाल्गुनात गवारीच्या आणि कारल्याच्या काचऱ्या, हरभऱ्याचा वाळवलेला पाला, मेथी, कोथिंबीर, लाल मिरची; चैत्र-वैशाखात सांडगे, कुरडया, खारवड्या, पापड. दमट हवेच्या प्रदेशांत यासाठी यंत्रे लागतात. इथे गच्चीवर पातळ कापडाखाली दोन-तीन दिवसांत भाजी कडकडीत वाळते. गच्चीवर भाजी पिकवण्याचे महिने सात-आठ आणि ती वाळवण्याचे तीन-चार. या वाटणीने पाहिले तर बीडचे ऊन ही या घराची मोठी मिळकत ठरते. वाळवलेल्या भाजीला येसराची आमटी आणि भाकरी मिळाली की मे महिन्यातली महाग भाजी आणली नाही तरी चालते.

झाडांमध्ये शेवग्याइतके उपकारी झाड दुसरे नाही. फांदी रोवली तरी लागते, दोन वर्षांत शेंगा देते आणि पाला बारमाही भाजीला येतो. चार-पाच फुटांवर छाटत राहिले तर अंगणाच्या कोपऱ्यात मावते. परस मोठे असेल तर सीताफळ लावावे. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि अंबाजोगाईला कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. बालाघाटाच्या माळावर पाण्याशिवाय जगणारे हे झाड घरामागे थोड्या पाण्यावर चांगले फळते.

धान्याच्या बाबतीत स्वतःची फसवणूक करू नये. पाच माणसांना वर्षाला सहा-साडेसहा क्विंटल धान्य लागते. कोरडवाहू रब्बी ज्वारी एकरी चार-पाच क्विंटल आली तरी त्यासाठी दीड एकराच्या आसपास रान हवे. गच्चीवर ते होणार नाही. डाळ आणि तेलाचेही तसेच. शहरी घराचे स्वावलंबन इथे साठवणीत असते. सुगीच्या दिवसांत ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची ज्वारी, तूर आणि करडई थेट घ्यावी, कडक ऊन दाखवावे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून कणगीत किंवा पत्र्याच्या कोठीत भरावी. शेतकऱ्याला बाजारभावापेक्षा दोन रुपये जास्त मिळतात, घराला दुकानापेक्षा स्वस्त पडते आणि वर्षभर भावाची चिंता राहत नाही.

सरपणाच्या आणि विजेच्या प्रश्नाला दोन चांगली उत्तरे आहेत. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने उष्ट्या-खरकट्यावर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र तयार केले आणि त्याला २००६ मध्ये अॅशडेन पुरस्कार मिळाला. शेणापेक्षा पिठूळ खरकट्यातून गॅस लवकर आणि किती तरी जास्त मिळतो, हा त्याचा आधार. गल्लीत गुरे नसली तरी ते चालते. पूर्ण स्वयंपाक त्यावर होत नाही, पण सिलिंडर बराच लांबतो आणि बाहेर पडणारे पाणी खत म्हणून बागेला जाते. विजेसाठी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेली पीएम सूर्यघर योजना आहे. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. बीडच्या उन्हात एक किलोवॅटमधून दिवसाला साधारण चार युनिट वीज निघते. पॅनेलवर पडणारे पावसाचे पाणीही पन्हाळीतून टाकीत घेता येते, मात्र पॅनेल बसवताना पन्हाळ आधीच ठरवावी.

हे सगळे स्वतःचे घर असलेल्यांना सोपे आहे. जिल्ह्यातली लाखो माणसे मात्र दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि चैत्राच्या सुमारास परततात. त्यातली पुष्कळ कुटुंबे गावांच्या आणि शहरांच्या कडेला पत्र्याच्या घरांत राहतात. पाच-सहा महिने कुलूप असलेल्या घरी पालेभाजीचा वाफा जगत नाही, आणि बारमाही परसबागेची शिफारस त्यांना करणे योग्य नाही. त्यांच्यासाठी शेवगा आणि हदगा अशी पावसावर तगणारी झाडे, पावसाळी वेल आणि छपराच्या पाण्याची टाकी एवढेच उपयोगाचे. काही घरांत म्हातारी माणसे आणि मुले मागे राहतात; त्यांना त्या महिन्यांत पाला, शेंगा आणि पिण्याचे पाणी मिळाले, तरी त्यांची ओढाताण पुष्कळ कमी होते. उस्मानाबादी शेळी याच पट्ट्यातली आहे. ती जुळी करडे देते आणि झाडपाल्यावर जगते. दाट वस्तीत ती बांधायची असेल, तर शेजाऱ्यांची संमती आणि नगरपालिकेचे नियम पाहावेत. कोंबड्यांचेही तसेच.

कामाचा वाटा हा या राहणीतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पाणी घालणे, वाळवण हलवणे, धान्य निवडणे ही कामे परंपरेने बायकांवर पडत आली. स्वावलंबनाच्या नावाखाली त्यांच्यावर आणखी दोन तासांची भर पडणार असेल, तर ते घर तग धरत नाही. टाकी धुणे, खत उलथणे आणि गोण्या वर चढवणे ही कामे पुरुषांनी आणि मुलांनी वाटून घ्यावीत, म्हणजे चालू बागेला माणशी रोजची पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

सल्ल्यासाठी फार दूर जावे लागत नाही. अंबाजोगाईला दीनदयाल शोध संस्थानाचे आणि गेवराई तालुक्यात खामगावला परभणीच्या कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. परसबागेचे बियाणे, रोपे आणि मातीची तपासणी याबद्दल तिथे विचारता येते. पहिल्या वर्षी छपराचे पाणी, न्हाणीचे पाणी आणि शेवगा एवढेच धरावे. दुसऱ्या वर्षी पाचटाचे खत आणि चार-सहा वाफे, तिसऱ्या वर्षी बायोगॅस किंवा सौरवीज. खर्च याच क्रमाने वाढत जातो, आणि पहिल्या टप्प्यावर थांबलेल्या घरालाही पिण्याच्या पाण्यासाठी टँकरमागे पळावे लागत नाही.