उत्तर आधीच ठाऊक होतं, तर मोजलंस कशाला?

एफवायला असताना फिजिक्सच्या प्रॅक्टिकलमध्ये मी एक उद्योग केला होता. सायन्सच्या बऱ्याच वाचकांना तो ओळखीचा वाटेल. प्रयोग साध्या लोलकाचा. एक मीटर दोरा, खाली धातूचा गोळा. वीस आंदोलनांना किती सेकंद लागतात ते मोजायचं आणि त्यावरून गुरुत्वीय त्वरण, म्हणजे आपला 'जी', काढायचा. तो ९.८ यायला हवा हे अकरावीपासून पाठ. माझा आला १०.९. दुसऱ्या दिवशी जर्नल सबमिशन! मग मी ९.८पासून सुरुवात करून उलटं गणित केलं, वेळ काढला आणि तक्त्यात भरून टाकला. खरं वाटावं म्हणून तीन रीडिंगांत पॉइंट एक-दोनचा फरकही ठेवला. सही मिळाली.

माझं आजोळ देवासचं. दिवाळीत तिकडे गेले तेव्हा मावशीला हा पराक्रम मी हसत हसत सांगितला. मावशी काही हसली नाही. तिच्या मराठीत हिंदी सहज मिसळलेली असते. ती म्हणाली, "अगं, उत्तर आधीच ठाऊक होतं, तर नापलंस कशाला?"

मग तिने शिवणाच्या डब्यातून दोरा काढला, टेपने मीटरभर मोजला, खाली कुलूप बांधलं आणि खिडकीच्या गजाला टांगलं. मी मोबाइलवरचं स्टॉपवॉच सुरू केलं आणि मोजायला लागले, "एक..." मावशीने तिथेच थांबवलं. "एक कशाचं? अजून एकही फेरा झाला नाही. आधी शून्य म्हण."

माझी चूक तिथेच होती. घड्याळ सुरू करताना 'एक' म्हटलं की 'वीस' म्हणेपर्यंत आंदोलनं एकोणीसच होतात. एक मीटरच्या लोलकाला एका आंदोलनाला साधारण २ सेकंद लागतात. एकोणीस आंदोलनांना लागले सुमारे ३८.१ सेकंद, आणि मी भागलं वीसने. कॅल्क्युलेटरवर करून बघा, 'जी' बरोबर १०.९च्या आसपास येतो. म्हणजे माझा आकडा चुकीचा होता, पण खोटा नव्हता. माझ्या हातून नेमकं काय चुकलं ते तो सांगत होता, आणि मी नेमका तोच खोडून टाकला होता.

मावशी शास्त्रज्ञ नाही, शिक्षिकाही नाही. हे ती शिकली कुठे? देवास जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत, सहावी ते आठवीत.

होशंगाबाद विज्ञान म्हणजे काय?

देवास आणि धार ही नावं आपल्याला माहीत असतात ती पवारांच्या संस्थानांमुळे. धारच्या किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला, देवासला कुमार गंधर्व राहिले, एवढं आपण सांगू शकतो. पण या दोन जिल्ह्यांतल्या काही शाळांत शिक्षणाचा एक फार वेगळा प्रयोग चालला होता, हे मला मावशीमुळे कळलं.

त्याची सुरुवात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत झाली. त्यामागे दोन संस्था होत्या. एक 'किशोर भारती'. तिचे संस्थापक अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम सोडून खेड्यात गेलेले शास्त्रज्ञ. दुसरी रसूलियाचं 'फ्रेंड्स रूरल सेंटर', म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या क्वेकर पंथीयांनी उभारलेली संस्था. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक, टाटा संस्थेतले शास्त्रज्ञ आणि मध्य प्रदेशातल्या कॉलेजांमधले शिक्षक त्यांच्या मदतीला आले. १९७८मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत गेला. १९८२ साली 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली आणि त्यानंतर तो माळव्यात पसरला. देवास आणि धार त्यातलेच.

त्यांच्या पुस्तकाचं नाव 'बाल वैज्ञानिक'. या पुस्तकात प्रयोग कसा करायचा ते दिलेलं असे, प्रश्न असत, पण उत्तरं नसत. उत्तर मुलांनी प्रयोग करून आपल्या वहीत लिहायचं. उदाहरणार्थ, मुळं आणि पानांचा धडा. मुलं शेताच्या बांधावर जाऊन वेगवेगळी रोपं उपटून आणायची. पानांच्या शिरा जाळीसारख्या की समांतर, मूळ सोटमूळ की झुपकेदार, याचा तक्ता करायची. तक्ता भरता भरता लक्षात यायचं की जाळीदार शिरा आणि सोटमूळ बहुतेक वेळा एकत्र दिसतात. आपल्याला हेच वाक्य पुस्तकात आयतं मिळालं आणि आपण ते अधोरेखित केलं. फरक एवढाच, पण केवढा मोठा!

परीक्षेला मुलं पुस्तक आणि स्वतःची वही घेऊन बसायची. पुस्तक समोर उघडं असताना 'व्याख्या लिहा' असं विचारण्यात काही अर्थच उरत नाही. त्यामुळे प्रश्न बदलावेच लागले: हा तक्ता बघा, यातलं कोणतं निरीक्षण संशयास्पद वाटतं? अमुक गोष्ट तपासायला प्रयोग कसा कराल? शिवाय प्रात्यक्षिक परीक्षा वेगळी. मावशी सांगते, "कॉपी करून करणार काय? पुस्तकात उत्तरच नव्हतं."

मुलांच्या शंकांसाठी 'सवालीराम' नावाचं एक काल्पनिक पात्र होतं. मुलं त्याला पत्र लिहायची आणि त्याच्या नावाने उत्तरं जायची. गुरुजींना एखादी गोष्ट माहीत नसली, तर 'आपण सवालीरामला विचारू' म्हणायची सोय होती. शिक्षकाने 'मला माहीत नाही' म्हणण्यात कमीपणा नाही, हे शिकवण्याची ही किती साधी युक्ती!

कॉलेजात हे कसं आणायचं?

'क्रिटिकल थिंकिंग' आणि 'प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' हे शब्द आता सगळीकडे ऐकू येतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये ते आहेत, प्लेसमेंटच्या जाहिरातींत आहेत. मराठीत आपण चिकित्सक विचार म्हणू. म्हणजे समोर आलेलं विधान कशाच्या आधारावर उभं आहे ते तपासणं, दुसरं काही शक्य आहे का ते बघणं आणि पुरावा बदलला तर आपलं मत बदलणं.

हे शिकवायचं कसं, यावर रॉबर्ट एनिस यांनी १९८९ साली एक उपयोगी वर्गीकरण मांडलं. एक मार्ग म्हणजे वेगळा पेपर ठेवणं. दुसरा, विषय शिकवतानाच विचार करण्याचे नियम उघडपणे सांगणं. तिसरा, विषयात खोल उतरवणं पण नियमांची नावं न घेणं. चौथा, वेगळा पेपर आणि विषय यांची सांगड घालणं.

मला स्वतःला दुसरा मार्ग पटतो. वेगळा पेपर ठेवला की त्याच्याही नोट्स निघतात, 'चिकित्सक विचाराचे पाच फायदे लिहा' असा प्रश्न येतो आणि आपण ते पाच फायदे पाठ करतो. विचार हवेत करता येत नाही, तो कशाबद्दल तरी करावा लागतो. पण नुसता प्रयोग करूनही भागत नाही. लोलकाचा प्रयोग मी केलाच होता की! वीसच आंदोलनं का मोजायची, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

त्याचं उत्तर सोपं आहे. स्टॉपवॉच दाबताना हाताकडून ०.२ सेकंद सहज इकडेतिकडे होतात. एकच आंदोलन मोजताना तेवढा वेळ जास्त धरला गेला, तर 'जी' ८.१पर्यंत घसरतो. वीस आंदोलनं मोजली, तर तीच चूक वीस ठिकाणी वाटली जाते आणि 'जी' ९.७च्या जवळ राहतो. हे एकदा कळलं की मग पोहण्याच्या शर्यतीतली वेळ असो की निवडणुकीआधीचा सर्व्हे, आकडा दिसला की 'यात चूक किती असू शकते?' हा प्रश्न आपोआप डोक्यात येतो.

आर्ट्सवाल्यांनी हे सायन्सचं म्हणून सोडून देऊ नये. इतिहासाच्या पेपरात 'देवास संस्थानाच्या कारभाराची वैशिष्ट्ये लिहा' असं विचारता येतं. त्याऐवजी ई. एम. फॉर्स्टर यांच्या 'द हिल ऑफ देवी'ची दोन पानं हातात देता येतील. देवास हे एकच गाव, पण त्यात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं नांदत होती. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव होते. त्या वेळी आणि त्याआधीच्या भेटीत घरी पाठवलेली पत्रं आणि नंतर लिहिलेल्या आठवणी मिळून हे पुस्तक १९५३मध्ये आलं. आता प्रश्न असे: यातलं त्या वेळचं कोणतं आणि मागाहून लिहिलेलं कोणतं? महाराजांशी मैत्री असलेला माणूस काय लिहिणार नाही? हे पडताळायला तुम्ही आणखी कुणाचं म्हणणं शोधाल? दरबारातल्या कारकुनाचं, की शेतसारा भरणाऱ्या शेतकऱ्याचं?

मराठीच्या वर्गात कवीचं नाव झाकून एखादी कविता द्यावी. तिचे दोन अर्थ मांडा आणि त्यातला एक कोणत्या ओळीपाशी अडतो ते दाखवा, असं विचारावं. गाईडमधलं रसग्रहण इथे उपयोगी पडणार नाही. गणितात चुकलेलं उत्तर सोडवून द्यावं आणि ते कुठे घसरलं ते शोधायला सांगावं. जॉर्ज पोल्या यांनी १९४५च्या पुस्तकात उदाहरण सोडवण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या: समजून घ्या, योजना करा, अमलात आणा आणि मागे वळून बघा. चौथी पायरी आपण नेहमी गाळतो.

यावर शंका येणारच. वर्गात शंभरावर मुलं, सेमिस्टर संपत आलेलं, पोर्शन बाकी. शिक्षकांनी असे पेपर काढायचे आणि तपासायचे कधी? अडचण खरी आहे. म्हणून सगळा पेपर बदलू नये. इंटर्नलला एकच प्रश्न असा ठेवावा, पुस्तक उघडं ठेवून लिहिण्याचा.

आणि मग पाठांतर वाईटच का? तसंही नाही. 'जी' ९.८ असतो हे मला पाठ होतं, म्हणूनच १०.९ बघून काहीतरी चुकलंय हे कळलं. माहिती नसेल तर संशय घेणार कशाचा? माझं चुकलं ते पुढे. तो संशय मी चूक शोधायला वापरला नाही, झाकायला वापरला.

आणि ते बंद झालं

२००२ साली मध्य प्रदेश सरकारने होशंगाबाद विज्ञान बंद केलं. तीस वर्षांत ते हजाराच्या आसपास शाळांत आणि लाखभर मुलांपर्यंत पोहोचलं होतं. विरोध करणाऱ्यांचा एक मुद्दा असा होता की आठवीपर्यंत हे ठीक, पण नववीपासून पुन्हा पाठांतराचाच अभ्यासक्रम असतो, तिथे ही मुलं मागे पडतात. तो मुद्दा नीट ऐकला तर तो आपल्याबद्दलच आहे. वरच्या वर्गांत, म्हणजे कॉलेजातही, विचार करणाऱ्या मुलाला जागा नव्हती. म्हणून खालच्या वर्गातली जागाही काढून घेतली गेली.

सगळंच मात्र संपलं नाही. १९७८मध्ये या कार्यक्रमात आलेले अरविंद गुप्ता तिथे काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब घेऊन खेळणी करायला लागले. पुढे पुण्याच्या आयुकामध्ये त्यांची खेळणी हजारो मुलांनी हाताळली. एकलव्यच्या हिंदी 'संदर्भ'वरून प्रेरणा घेऊन पुण्यातून मराठी 'संदर्भ'ही निघालं.

माझं ते जर्नल अजून घरी आहे. सही असलेलं, ९.८वालं. यंदा मी त्यात शेवटी एक पान जोडलं आणि मूळ रीडिंग लिहिलं: ३८.१ सेकंद, आंदोलनं एकोणीस. ते कुणी तपासणार नाही, पण मावशीला फोटो पाठवलाय.

मंडळातल्या मित्रमैत्रिणींना एवढीच विनंती. आपापल्या विषयातला एक असा प्रश्न काढा, जो पुस्तक उघडं असतानाही अवघड वाटेल, आणि मंडळाकडे पाठवा. उत्तर तुम्हाला माहीत नसेल तरी चालेल. नसेल तर उत्तमच.