गंजाचा जमाखर्च

पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या नांगराच्या फाळावर तांबूस गंज चढतो. लोखंडाचा हा नाश मोठ्या काटेकोर हिशेबाने चालतो. लोखंडाचा अणू प्रथम दोन इलेक्ट्रॉन देतो. प्राणवायूचा एक रेणू मात्र चार घेतो. तेही पाण्याचे दोन रेणू सोबतीला असतील तरच. कोरडा फाळ गंजत नाही, तो यामुळेच! या देवघेवीतून हायड्रॉक्साइडचे चार ऋणभारित कण निपजतात. अल्कधर्मी द्रावणातील समीकरणे पाणी आणि हेच कण यांच्या साहाय्याने जुळवितात. दिलेला प्रत्येक इलेक्ट्रॉन घेतला गेलाच पाहिजे. म्हणून प्राणवायूच्या एका रेणूमागे लोखंडाचे दोन अणू खर्ची पडतात. मग लोखंड व हायड्रॉक्साइड यांचा संयोग होतो आणि आणखी प्राणवायू मिळून त्याचा गंज बनतो. फाळाला तेल चोपडणारा शेतकरी हवा आणि पाणी या दोघांनाही बाहेरच थोपवितो.