पाचगणीत शिकलेल्या फ्रेडीचे व्हिडिओ

‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, मूळचा फारोख बलसारा, सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँड तिथलाच.

‘क्वीन’च्या ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ या गाण्याचा व्हिडिओ दिग्दर्शक ब्रूस गावर्स यांनी १९७५ मध्ये एल्स्ट्री स्टुडिओत जेमतेम चार तासांत चित्रित केला. एकाच चेहऱ्याची अनेक रूपे दिसतात ती भिंगापुढे लोलक बसवल्यामुळे. चेहऱ्यांची रांग मागे विरत जाते, ती कॅमेरा मॉनिटरवरच रोखून, पडद्यावरची प्रतिमा पुन्हा पुन्हा टिपल्यामुळे. संगणकाची मदत न घेता साधलेली ही करामत आजही थक्क करते.

१९८४ च्या ‘आय वाँट टू ब्रेक फ्री’मध्ये तर बँडमधले चौघेही बायकांच्या वेशात आहेत. काळा आखूड स्कर्ट, गुलाबी टॉप आणि भरघोस मिशी तशीच ठेवून फ्रेडी घरात व्हॅक्युम क्लीनर फिरवतो. ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ या ब्रिटिश मालिकेचे ते विडंबन. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला अशा वेशांतराचे नवल नाही. ब्रिटनमध्येही ते हसण्यावारी गेले. अमेरिकेत मात्र अनेकांना खटकले.